आधी थांबता आले पाहिजे

‘आजचे युग हे गतीचे युग आहे’ या वाक्याने सुरू होणारा एखादा तरी लेख आपल्या वार्षिक अंकात दरवर्षी असतोच. गेल्या काही वर्षांचे अंक ग्रंथालयात बसून चाळले, तेव्हा गतीवर लिहिणारे बरेच जण भेटले. थांबण्यावर मात्र कोणी लिहिलेले आढळले नाही. म्हणून यंदा मी थांबण्याविषयी लिहायचे ठरवले आहे. तेही कुठल्या आध्यात्मिक अर्थाने नव्हे. चारचाकी गाडीचे ब्रेक सुधारायचे झाले तर काय घ्यावे, काय घेऊ नये, आणि हाताशी पैसे थोडे असतील तर आधी कशावर खर्च करावेत, एवढाच माझा विषय आहे.

विषय ऐकून मैत्रिणी हसल्या. मराठी आणि अर्थशास्त्र घेतलेल्या मुलीला ब्रेकशी काय करायचे आहे, असे एकीने विचारले. दुसरी म्हणाली, हा लेख इंजिनिअरिंगवाल्यांच्या अंकाला पाठव. माझे उत्तर सरळ आहे. ब्रेक तयार करणारे इंजिनिअर असतात हे खरे. पण ज्यांच्या पायाखाली तो ब्रेक असतो ते बहुधा इंजिनिअर नसतात, आणि मागच्या आसनावर बसणारे तर नसतातच. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सातवीपर्यंत शिकले आणि गेली बावीस वर्षे वाई, पाचगणी, महाबळेश्वर या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवत आहेत. पसरणी घाट आमच्या घरात चुलीइतकाच नित्याचा आहे. शिवाय अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिले होते की गरजा अमर्याद असतात, साधने मर्यादित असतात, आणि म्हणून निवड करावी लागते. गाडीच्या ब्रेकवर खर्च करताना नेमका हाच प्रश्न येतो. तेव्हा हा लेख कलाशाखेच्या अंकात शोभणार नाही, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे गाडी घेतल्यावर पैसा कोणत्या क्रमाने खर्च होतो ते पाहा. आधी सीट कव्हर, मग म्युझिक सिस्टीम, मग मोठा हॉर्न, मग चकाकणारी अलॉय चाके. अलीकडे यात ब्रेकचीही भर पडली आहे. पण ती कशी? मोबाईलवरच्या चित्रफितींत परदेशी गाड्यांच्या चाकांतून लालभडक कॅलिपर दिसतात, म्हणून आपल्याही कॅलिपरला लाल रंग द्यायचा, किंवा त्यावर लाल प्लास्टिकचे कव्हर चिकटवायचे. रंगाने ब्रेकचे काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. कव्हराने मात्र कॅलिपरला लागणारा वारा अडतो. ज्या वस्तूला थंड राहण्यासाठी हवा हवी, तिलाच आपण टोपडे घालतो! ज्यांच्याकडे थोडे अधिक पैसे असतात ते भोके पाडलेल्या मोठ्या डिस्क आणतात. त्याच गाडीचे टायर तळहातासारखे गुळगुळीत झालेले असतात आणि ब्रेक ऑइल चार वर्षांत बदललेले नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा आहे. ब्रेक सुधारणे म्हणजे मोठा भाग बसवणे नव्हे. आपल्या गाडीत सर्वांत दुबळा भाग कोणता, तो शोधून आधी तो सुधारणे होय.

दुबळा भाग शोधायचा तर गाडी थांबते कशी हे समजून घ्यावे लागते. त्यासाठी शाळेतले विज्ञान पुरते. धावत्या गाडीत ऊर्जा असते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगले टायर असलेली गाडी ताशी ४० किलोमीटर वेगात असताना जोराने ब्रेक दाबला तर ती सुमारे ९ मीटरांत थांबेल. ८० च्या वेगाला मात्र तिला सुमारे ३५ मीटर लागतील. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर पहिल्या गाडीचे आणखी ११ मीटर आणि दुसरीचे २२ मीटर त्यातच संपतात. म्हणजे एकूण २० मीटर आणि ५७ मीटर. वेग दुप्पट केला एवढेच चालकाला जाणवते. अंतर जवळजवळ तिप्पट झालेले त्याला जाणवत नाही.

ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. आपण पेडल दाबतो, बूस्टर त्या दाबाला जोर देतो, मास्टर सिलिंडरमधील ऑइल नळ्यांतून चाकांपर्यंत तो दाब पोचवते, कॅलिपरमधील पिस्टन पॅडना फिरत्या डिस्कवर आवळतो आणि घर्षणाने डिस्क तापते. आपल्याकडील बहुतेक लहान-मध्यम गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रममध्ये पॅडऐवजी लायनर आतून बाहेर दाबले जातात. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याच्या कामातला बराच मोठा वाटा पुढच्या चाकांकडे असतो. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ब्रेक चाक थांबवतो; गाडी थांबवतो तो टायर. रस्त्याला चिकटून राहण्याचे काम टायरच्या चार तळव्यांएवढ्या जागेवर चालते. पेडल जोरात दाबल्यावर चाक जागीच जाम होत असेल, किंवा एबीएस असलेल्या गाडीत पायाखाली धडधड जाणवत असेल, तर त्याचा अर्थ ब्रेकपाशी टायरला पेलवेल त्याहून अधिक जोर आधीच आहे. अशा गाडीला आणखी मोठी डिस्क बसवून एकदा थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. ते कमी होईल चांगल्या टायरने.

मग मोठ्या डिस्कचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो एकदा थांबण्यासाठी नव्हे. पुन्हा पुन्हा थांबण्यासाठी आहे. माझ्या मते ब्रेकविषयीची सगळी निवड या एका भेदावर उभी आहे. एकदा थांबणे हा टायरचा प्रश्न आहे. पुन्हा पुन्हा थांबणे हा उष्णतेचा प्रश्न आहे. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रसंगात कमी पडते, हे ज्याने ठरवले नाही त्याने दुकानात जाऊ नये.

उष्णता म्हणजे किती, याचा हिशेब मी आमच्या घाटाचा केला. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत साधारण ५५० मीटरांचा फरक आहे आणि तो सुमारे १२ किलोमीटरांत उतरायचा असतो. सात माणसे आणि त्यांच्या पिशव्या धरून गाडीचे वजन १६०० किलो मानले, तर एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना सुमारे ८६ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. तुलनाच करायची तर याच गाडीला ताशी ६० च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबवताना सुमारे सव्वादोन लाख ज्यूल खर्च होतात. म्हणजे घाट उतरणे हे जवळपास चाळीस वेळा करकचून थांबण्याबरोबर आहे. आणखी घरगुती भाषेत सांगायचे तर एवढ्या उष्णतेत २७ लिटर साधे पाणी उकळीला येईल, म्हणजे आंघोळीचा एक मोठा बंब! यातला काही वाटा वारा आणि टायर घेतात, बराचसा वाटा इंजिनला देता येतो. पण जो चालक गिअर वर ठेवून किंवा न्यूट्रल करून केवळ ब्रेकवर घाट उतरतो, तो हा बंब आपल्या चार चाकांत तापवत असतो.

त्या तापण्याने दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली म्हणजे पॅड त्यांच्या सोसण्यापलीकडे तापतात आणि त्यांची पकड सुटते. तेव्हा पेडल पायाला घट्ट लागते, पण गाडी हळू होत नाही. दुसरी म्हणजे कॅलिपरमधील ऑइल उकळते. उकळलेल्या ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल मऊ होऊन खाली फळीला टेकते. पहिल्या प्रसंगी दोष पॅडचा, दुसऱ्या प्रसंगी ऑइलचा. गाडी थंड झाली की दोन्ही दोष बहुधा आपोआप नाहीसे होतात, आणि मग गॅरेजमध्ये तपासणाऱ्याला काही सापडत नाही. ‘ब्रेक तर चांगला लागतोय’ असे सांगून तो गाडी परत देतो. पुढच्या उतारावर पुन्हा तेच.

आता ऑइलविषयी. आपल्याकडे डबा पाहून ऑइल घेण्याची रीत आहे, डब्यावरचे वाचण्याची नाही. डब्यावर डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ असे लिहिलेले असते आणि त्या आकड्यांना अर्थ आहे. डॉट ३ चे नवे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत, डॉट ४ चे २३० पर्यंत आणि डॉट ५.१ चे २६० पर्यंत उकळता कामा नये, असे प्रमाण आहे. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरले की हेच किमान आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. आमच्या भागात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. तिथे चार वर्षांच्या ऑइलाची काय अवस्था होत असेल, हे सांगायला नको. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण काढून नवे भरावे, आणि घाटात चालणाऱ्या गाडीने त्याहून आधी. नुसते वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे. एक सावधगिरी मात्र हवी. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावे जुळ्या भावांसारखी असली तरी वस्तू वेगळ्या आहेत. डॉट ५ सिलिकोनचे असते. ते इतर ऑइलांत मिसळायचे नसते. गाडीच्या पुस्तकात कोणते सांगितले आहे ते पाहूनच डबा उघडावा. काही शे रुपयांची ही सुधारणा आहे. ती दिसत नाही, तिचा फोटो काढता येत नाही. पण घाटात राहणाऱ्या माणसाने पहिला रुपया खर्च करायचा तो इथे.

पॅड निवडतानाही असाच गैरसमज आड येतो. ‘रेसिंगचे पॅड टाक, खिळल्यासारखी थांबेल’ असा सल्ला हमखास मिळतो. शर्यतीचे पॅड भरपूर तापल्यावरच नीट पकडतात. थंड असताना ते साध्या पॅडपेक्षाही उणे ठरू शकतात. सकाळी घरातून निघून पहिल्याच वळणावर शाळेचे पोर समोर आले, तर तिथे तापलेले पॅड आणायचे कुठून? आपल्याला हवेत थंडही लागणारे आणि उतारावरही टिकणारे पॅड. बऱ्याच पॅडच्या कडेला दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साध्या तापमानाची पकड सांगते, दुसरे तापल्यावरची. ‘ई’ पेक्षा ‘एफ’ अधिक आणि ‘एफ’ पेक्षा ‘जी’ अधिक. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो असे समजावे. मागच्या चाकांच्या लायनरचाही विसर पडू नये. व्हील सिलिंडर झिरपत असेल तर लायनर ऑइलाने भिजतात आणि ते चाक धड पकडत नाही. पावसात पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये पाणी राहते. पेडल हलकेच दाबत थोडे अंतर गेले की ते सुकते.

टायरविषयी कायद्याने खोबणीची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरवली आहे. ती शेवटची मर्यादा आहे, तिथवर पोचण्याची वाट पाहावी असे नव्हे. टायरच्या बाजूला चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. जुन्या बाजारातून ‘कमी चाललेला’ टायर घेताना हे आकडे वाचावेत. रबर न चालताही कडक होते.

एवढे सगळे झाल्यावर मग मोठ्या डिस्कचा विचार करावा, आणि तोही जपून. डिस्क मोठी म्हणजे तिला मावेल असे चाक हवे. कॅलिपरचे पिस्टन मोठे म्हणजे त्यांना अधिक ऑइल लागणार. मास्टर सिलिंडर मूळचाच असेल तर पेडल खोल जाऊ लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा समतोल कारखान्यात ठरवलेला असतो. पुढचाच जोर वाढवला तर पुढची चाके लवकर जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. मागचाच जोर वाढवला तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. ते त्याहून वाईट. हौसेने मागचे ड्रम काढून डिस्क बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला छान असतात, पण सतत तापून थंड होणाऱ्या डिस्कला त्या भोकांपाशी चिरा पडण्याचा धोका असतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा चाकांना हात घालण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे.

याचा अर्थ मोठे ब्रेक निरुपयोगी आहेत असा नाही. ज्याने इंजिनची ताकद वाढवली आहे, किंवा जो कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या शर्यतीच्या मार्गावर गाडी नेतो, त्याला ते हवेतच. १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जग्वारने जिंकली, तेव्हा तिच्या गाड्यांना डनलॉपचे डिस्क ब्रेक होते आणि बहुतेक प्रतिस्पर्ध्यांना ड्रम. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी इतर गाड्या आधीपासून वेग कमी करू लागत. या गाड्या उशिरा ब्रेक दाबू शकत, आणि तेही तासन्‌तास. ज्याला खात्रीने थांबता येते त्यालाच निर्धास्त धावता येते, हे त्या शर्यतीने दाखवून दिले. पण तिथेही डिस्कचा गुण तिच्या रूपात नव्हता. उष्णता सोसण्यात होता. आपण त्या शर्यतीतले रूप तेवढे उचलले आणि गुण तिथेच ठेवला.

आणखी एक सुधारणा आहे आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती म्हणजे एबीएस. ब्रेक जोरात दाबूनही चाक जाम होऊ न देता गाडी वळवता येईल, अशी ही योजना. खडीच्या किंवा मुरमाच्या रस्त्यावर तिने अंतर कमी होतेच असे नाही, कधी वाढतेही. परंतु समोरचा अडथळा चुकवता येतो. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत महाग प्रकाराला ती असे आणि स्वस्त प्रकाराला बहुधा नसे. मागाहून ती बसवणे व्यवहार्य नाही. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने अलॉय चाके असलेली गाडी आणि एबीएस असलेली गाडी यांत निवड करायची झाली, तर दुसरी घ्यावी. ब्रेकवरचा सर्वांत मोठा खर्च गाडी विकत घेतानाच होऊन जातो.

आमच्या घरी हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आला. अण्णांनी कर्ज काढून २०१६ सालची सात आसनी गाडी घेतली. परवडणाऱ्या किमतीत एबीएस नसलेलीच मिळाली. आईच्या भिशीचे वीस हजार रुपये हाताशी होते आणि हंगाम तोंडावर होता. माझा चुलतभाऊ म्हणाला, ‘‘अण्णा, अलॉय टाका. गिऱ्हाईक आधी गाडी बघतं, मग बसतं.’’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पाचगणीच्या स्टँडवर चकचकीत गाडी आधी भरते आणि ब्रेक पाहून कोणीही गाडीत बसत नाही. म्हणजे ज्या वस्तूवर प्रवाशाचा जीव अवलंबून, तिच्यावरचा खर्च त्याला दिसत नाही. आणि जे दिसते त्यावर त्याचा जीव अवलंबून नाही. बाजार आपोआप योग्य निवड करतो असे पुस्तकात वाचले होते. खरेदी करणाऱ्याला माल दिसतच नसेल तर बाजार काय करील, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

अण्णांनी शेवटी ब्रेकची बाजू घेतली. ऑइल पूर्ण बदलले, पुढचे पॅड आणि मागचे लायनर नवे घातले, एक झिरपणारा व्हील सिलिंडर बदलला, ड्रम लेथवर साफ करून घेतले. उरलेल्या पैशांत दोनच टायर येत होते. मिस्त्री म्हणाला, पुढे टाका. मी वाचले होते की दोनच नवे टायर असतील तर ते मागे घालावेत, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरत नाही. अण्णांनी मिस्त्रीला सांगितले, ‘‘पोरगी म्हणते तसं कर.’’ ऑइलच्या डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे मीच वाचून दाखवली. बावीस वर्षांच्या अनुभवाला माझ्याकडून मिळालेली भर एवढीच. बाकी सगळे त्यांनाच माहीत होते. ज्यूल हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. पण करपल्यासारखा वास आला की बाजूला घेऊन थांबायचे, तापलेल्या चाकावर पाणी ओतायचे नाही आणि ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचे, हे त्यांचे नियम माझ्या पुस्तकाच्या कसोटीला तंतोतंत उतरले. उरलेले दोन टायर हंगाम संपल्यावर आले. अलॉय अजून आलेले नाहीत. गिऱ्हाईक थोडे उशिरा मिळते, ही किंमत आम्ही मोजतो.

गिअरच्या नियमावर थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण ही सुधारणा फुकट आहे. उतारावर न्यूट्रल करून, काही जण तर चावी बंद करून, डिझेल वाचवतात. ही बचत बहुतांशी काल्पनिक आहे. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळतच असते. चावी बंद केली तर बूस्टरचा जोर दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपतो, पेडल दगडासारखे होते, आणि स्टिअरिंगही जड होते. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे ओढून धरते आणि बंबातले बरेचसे पाणी स्वतः तापवते. हजारो रुपयांच्या डिस्क जे काम करतील त्याचा मोठा भाग डावा हात आणि क्लचवरचा डावा पाय करून देतात.

कोणी म्हणेल, गाडी ज्याची त्याची, पैसा ज्याचा त्याचा. हौसेला मोल नसते. स्वतःच्या गाडीत एकट्याने फिरणाऱ्याला हे म्हणता येईल का, याचीही मला शंका आहे, कारण रस्त्यावर तो एकटा नसतो. पण भाड्याच्या गाडीबाबत तर हे मुळीच चालणार नाही. पुष्कळदा गाडी मालकाची असते आणि चालक पगारी असतो. पॅड झिजल्याचे चालकाच्या पायाला कळते. पैसे द्यायचे की नाही हे मालकाच्या हातात असते. आणि मागे बसलेल्याला दोन्हीही ठाऊक नसते. पासिंगच्या दिवशी गाडी तपासली जाते हे खरे, पण पासिंग ठरावीक काळाने एकदा असते आणि घाट रोजचा असतो. चालकाने ‘ब्रेक बघायला हवा’ म्हटले, तर ती कामचुकारपणाची सबब मानली जाऊ नये. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. कोणता पॅड घ्यावा हे पुस्तक सांगेल. पण ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे त्याचे म्हणणे ऐकावे, हे पुस्तक कोणाला शिकवणार?

आपल्या महाविद्यालयाची सहल दरवर्षी हिवाळ्यात निघते. भाड्याच्या गाड्या येतात, कुणाची गाडी अधिक छान यावर चढाओढ होते, गाण्यांची यादी आठ दिवस आधी तयार असते. यंदा त्या यादीबरोबर तीन प्रश्नांचीही यादी असावी, अशी माझी सहल समितीला सूचना आहे. टायर केव्हाचे आहेत? ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले? पॅड आणि लायनर कधी पाहिले? हे प्रश्न गाडी ठरवताना मालकाला विचारावेत, चालकाला दरडावून नव्हे. आणि घाटात चालकाने गाडी बाजूला घेऊन ‘जरा दहा मिनिटं थांबू’ म्हटले, तर आपल्यापैकी कोणी ‘उशीर होतोय’ म्हणू नये. खाली उतरून वारा खावा. तो आपल्यासाठीच थांबलेला असतो.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला